लाटेवरून बर्फावर: नाशिककरांसाठी स्नोबोर्डचे साहित्य निवडण्याचे मार्गदर्शन

नाशिकमध्ये डोंगरभटकंतीची आवड जुनी आहे. हरिहरच्या पायऱ्या, अंजनेरीचे पठार आणि साल्हेरचा माथा पायाखालून घातलेली मंडळी हिवाळ्यात हिमालयाकडे वळतात आणि त्यांपैकी काहींना अलीकडे गुलमर्गच्या उतारांवर स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून उभ्याने बर्फावरून घसरणे, शिकण्याची ओढ लागली आहे. सॅक, ट्रेकिंगचे बूट किंवा जॅकेट दुकानात हाताळून पाहता येते. स्नोबोर्ड मात्र बहुतेकांना पडद्यावरच्या छायाचित्रावरूनच निवडावा लागतो. त्या छायाचित्रांत सर्वांत देखणे दिसतात ते रुंद नाकाचे, म्हणजे पुढच्या टोकाचे, आणि माशाच्या शेपटीप्रमाणे मागून दुभंगलेले बोर्ड, आणि नवशिक्याचे मन नेमके तिथेच अडकते. हे बोर्ड वाईट नसतात. पण ते कोणत्या बर्फासाठी घडवले आहेत हे न समजता घेतले, तर शिकण्याचे पहिले दिवस नुसते पडण्यात जातात.

स्नोबोर्डची जडणघडण दोन बाजूंनी झाली आहे. उभे राहण्याची ढब, नाकाची रुंदी, शेपटीचा आकार आणि मऊ बर्फावर तरंगण्याची कल्पना सर्फबोर्डाकडून आली. पोलादी कड, कडेची आत वळलेली कमान आणि घट्ट बर्फावरची पकड स्कीकडून आली. समोरच्या बोर्डात यांपैकी कोणत्या बाजूचा अंश किती आहे हे ओळखता आले, की निवड सोपी होते. माझ्या मते खरेदीचा क्रमही त्यावरूनच ठरतो: आधी बूट, मग संरक्षक साहित्य, मग कपडे आणि सर्वांत शेवटी बोर्ड. बहुतेक जण नेमके याच्या उलट करतात.

समुद्राकडून काय आले

हवाई बेटांवर लाटांवर उभे राहून घसरण्याची परंपरा फार जुनी आहे. तिथली अलाया नावाची फळी पातळ, लाकडी आणि पंखाविना असे. ती लाटेच्या भिंतीला धरून राहायची ती केवळ आपल्या कडेच्या आणि स्वाराच्या पायांच्या जोरावर. बोर्डाच्या तळाला मागच्या बाजूस स्थिर पंख बसवण्याची कल्पना टॉम ब्लेक यांनी १९३५ मध्ये अमलात आणली. पंखामुळे शेपटीला पाण्यात आधार मिळाला आणि मागच्या पायावर भार देऊन बोर्ड वळवण्याची पद्धत रुळली. पुढे १९६७ मध्ये सॅन दिएगोच्या स्टीव्ह लिस यांनी गुडघ्यांवर बसून चालवण्यासाठी आखूड, रुंद आणि मागून दुभंगलेला ‘फिश’ घडवला. लांबी कमी करून रुंदीत पृष्ठभाग भरून काढायचा, ही त्यामागची युक्ती आजच्या आखूड आणि रुंद स्नोबोर्डांतही दिसते.

बर्फावरची सुरुवात मात्र घरगुती होती. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मस्किगन गावी शर्मन पॉपेन या अभियंत्याने १९६५ च्या नाताळाच्या दिवशी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकांना जोडून एक फळी तयार केली. तिच्या पुढच्या टोकाला धरायला दोरी होती, पाय बांधण्याची सोय नव्हती, आणि ती उभ्याने, सर्फबोर्डाप्रमाणे आडवे पाय ठेवून चालवायची होती. ‘स्नर्फर’ या नावाने ती ब्रन्सविक कंपनीमार्फत बाजारात आली आणि तिच्या स्पर्धाही भरू लागल्या. न्यू जर्सीत टॉम सिम्स यांनी १९६३ मध्येच शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात बर्फावर चालणारी फळी केली होती. पुढे स्केटबोर्ड आणि स्नोबोर्ड या दोन्ही क्षेत्रांत त्यांचे नाव झाले.

सर्फबोर्डाचे शास्त्र जाणीवपूर्वक बर्फावर आणण्याचे श्रेय मात्र दिमित्रिए मिलोविच यांना अधिक जाते. युटा राज्यातल्या डोंगरांत कोरडा, भुसभुशीत बर्फ खोलवर साठतो आणि अशा बर्फावर बोर्ड चालणे हे घसरण्यापेक्षा तरंगण्याच्या जवळ जाते, कारण वेग आला की बोर्डाखाली दाब तयार होऊन पुढचे टोक वर उचलले जाते. मिलोविच यांनी १९७० च्या दशकात ‘विंटरस्टिक’ नावाने बोर्ड केले आणि त्यांतील दुभंगलेल्या शेपटीचे बोर्ड विशेष गाजले. शेपटीच्या मधला भाग काढून टाकला, की मागे बर्फाला टेकणारा पृष्ठभाग कमी होतो, शेपूट खाली बसते आणि नाक आपोआप वर राहते. समुद्रावर ज्या कामासाठी लिस यांनी शेपूट दुभंगली होती त्याहून हे काम वेगळे आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे: आकार तोच उचलला गेला, पण बर्फाने त्याला वेगळा उपयोग दिला.

१९७७ मध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांनी व्हर्माँटमध्ये बोर्ड बनवायला सुरुवात केली. १९७९ मध्ये मिशिगनच्या स्नर्फर स्पर्धेत ते पाय बांधण्याची सोय असलेला स्वतःचा बोर्ड घेऊन उतरले. माझ्या दृष्टीने हा या इतिहासातला सर्वांत मोठा बदल आहे, कारण पाय बांधले गेल्यामुळे स्वार बोर्डाला नुसता खाली दाबत न राहता कडेवर उभा करू शकला. मग १९८० च्या दशकात पोलादी कड, पॉलिथिनचा तळ आणि स्कीसारखी आत वळलेली कड रूढ झाली. सुरुवातीच्या काही बोर्डांच्या तळाला असलेले पंख त्यामुळे निरुपयोगी ठरले. घट्ट बर्फावर पकड देण्याचे काम आता कड करू लागली होती. व्हर्माँटच्या स्ट्रॅटनने १९८३ मध्ये स्नोबोर्डरांना आपले उतार खुले केले आणि १९९८ मध्ये नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. त्याच सुमारास जपानच्या निसेकोमध्ये तारो तामाई यांनी ‘जेन्टेमस्टिक’ सुरू करून बोर्डांचा सर्फकडचा वारसा पुन्हा पुढे आणला. आज बाजारात दिसणारे माशाच्या शेपटीचे बोर्ड हे बहुतांशी या परतलेल्या प्रवाहातले आहेत.

बोर्डाचा आकार कसा वाचावा

बोर्ड हाती आला, की तो शहाबादी फरशीसारख्या सपाट पृष्ठभागावर ठेवावा आणि डोळे फरशीच्या पातळीला आणून बाजूने पाहावे. मधला भाग काही मिलिमीटर उचललेला दिसला आणि दोन्ही टोकांजवळ बोर्ड टेकला असेल, तर त्याला कॅम्बर आहे. उभे राहिल्यावर ही कमान दबते आणि कडेचा दाब टोकांपर्यंत पोहोचतो. उलट मध्य टेकून टोके लवकर वर उचलली गेली असतील, तर तो रॉकर. रॉकरचा बोर्ड मऊ बर्फावर सहज तरंगतो आणि नवशिक्याची कड चुकून बर्फात अडकण्याचा धोका कमी करतो, पण कडक बर्फावर त्याची पकड सैल पडते. बहुतेक शिकाऊ बोर्डांत दोहोंचे मिश्रण असते, म्हणजे पायांखाली कॅम्बर किंवा सपाट भाग आणि टोकांकडे रॉकर, आणि पहिल्या मोसमासाठी तेच योग्य आहे.

त्यानंतर बोर्ड वरून पाहावा. पुढचे टोक मागच्यापेक्षा रुंद असेल तर त्या फरकाला टेपर म्हणतात. पुढे ३०० मि.मी. आणि मागे २८५ मि.मी. असेल तर टेपर १५ मि.मी. झाला, आणि असा बोर्ड स्पष्टपणे खोल बर्फासाठी आहे. बाइंडिंगची, म्हणजे बूट बोर्डाला बांधणाऱ्या पट्ट्यांच्या खोबणीची, छिद्रेही अशा बोर्डावर मध्यापासून मागे सरकवलेली असतात. ही दोन्ही लक्षणे सर्फकडची. दोन्ही टोके सारखी आणि छिद्रे मध्यावर असतील, तर तो दोन्ही दिशांनी चालणारा ‘ट्विन’. पुढे थोडे लांब नाक असले तर ‘डायरेक्शनल’. कडेची आत वळलेली कमान म्हणजे साइडकट. तिची त्रिज्या बहुतेक बोर्डांत ७ ते ९ मीटरच्या दरम्यान असते. त्रिज्या लहान तितके वळण आखूड.

लांबी ठरवताना उंचीपेक्षा वजनाला अधिक महत्त्व द्यावे. बोर्ड हनुवटीपर्यंत यावा हा ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो, पण बोर्डाला स्वाराची उंची कळत नाही, त्याचा भार कळतो. सुमारे ६५ किलो वजनाच्या प्रौढ नवशिक्याला १५० ते १५५ सें.मी.चा बोर्ड पुरेसा आहे. रुंदी बुटावरून ठरते. बुटाची टोके बोर्डाच्या दोन्ही कडांबाहेर साधारण एक ते दोन सें.मी. यावीत, अधिक आली तर बोर्ड कडेवर घेताच बूट बर्फाला घासून स्वार पडतो आणि अजिबात आली नाहीत तर कडेवर जोर देता येत नाही. २७ सें.मी.च्या पावलाला मध्यभागी २५० ते २५५ मि.मी. रुंदीचा बोर्ड चालतो. पाऊल २८.५ सें.मी. किंवा अधिक असेल, तर ‘वाइड’ बोर्डच मागावा.

गुलमर्गच्या बाबतीत निवड करताना दोन उतार वेगळे धरावेत. नवशिके जिथे शिकतात तो सुमारे २,६५० मीटरवरचा खालचा परिसर दाबलेल्या, रोज तुडवल्या जाणाऱ्या बर्फाचा आहे आणि तिथे स्कीकडचा अंश अधिक असलेला, मऊ लवचिकतेचा, मध्यावर छिद्रे असलेला बोर्ड हवा. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा ज्या अफरवट डोंगराच्या खांद्यावर सोडतो, तो भाग मोसमात खोल आणि न दाबलेल्या बर्फाचा असतो आणि सर्फकडच्या आकाराचा बोर्ड तिथेच शोभतो. म्हणून पहिल्या वर्षी देखणा फिश विकत घेण्याचे कारण नाही. बोर्ड भाड्याने घ्यावा आणि दोन-तीन प्रकार वापरून पाहावेत.

ज्यांनी मुळकीला किंवा चेन्नईजवळच्या कोवलमला सर्फिंग केले आहे, त्यांना एक सवय मुद्दाम मोडावी लागते. लाटेवर वळण मागच्या पायाने सुरू होते, कारण पंख मागे असतो. घट्ट बर्फावर पंख नाही. तिथे पुढची कड आधी बर्फात उतरली पाहिजे, आणि त्यासाठी भार पुढच्या पायावर हवा. घाबरून मागे झुकले, की पुढची कड हलकी होते, बोर्ड वळत नाही आणि वेग वाढत जातो. खोल बर्फात मात्र भार किंचित मागे घेतलेला चालतो.

बूट आणि बाइंडिंग

बूट स्वतःचे घ्यावेत. भाड्याचे बूट शेकडो पायांनी दबलेले असतात आणि टाच सैल झालेल्या बुटाने कोणताही बोर्ड नीट वळत नाही. पावलाचे माप घेण्यासाठी भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे, सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करावी आणि अंतर सें.मी.मध्ये मोजावे, २६.५ सें.मी. आले तर मोंडोपॉइंट माप २६.५ हेच. ट्रेकर मंडळी उतरताना नखे काळी पडू नयेत म्हणून बूट एक नंबर मोठा घेतात. ती सवय इथे सोडून द्यावी.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घालून पाहावेत, आणि एकच पातळ लोकरी मोजा घालावा. दोन मोजे घातल्याने ऊब वाढत नाही, उलट मोज्यांच्या घड्या पोटरीत रुततात. पाय आत सरकवून टाच जमिनीवर मागच्या बाजूने दोन-तीनदा आपटावी, आतल्या अस्तराची दोरी ओढावी आणि मग बाहेरचे बांधावे. सरळ उभे राहिल्यावर अंगठा पुढच्या भिंतीला हलका टेकला पाहिजे. आता गुडघे वाकवून नडग्या बुटाच्या जिभेवर रेलाव्यात: अंगठा किंचित मागे सरला आणि टाच कप्प्यात घट्ट बसली, तर माप बरोबर. त्यानंतर चवड्यांवर उभे राहावे. टाच आतल्या आत स्पष्टपणे उचलली गेली, तर तो बूट कितीही आरामदायक वाटला तरी नाकारावा. सारी परीक्षा झाल्यावर वीस मिनिटे बूट पायात ठेवून दुकानात फिरावे. घोट्याच्या हाडावर एकाच जागी ठणका लागत असेल तर तो बर्फावर कमी होणार नाही.

बाइंडिंग घेताना ते बोर्डाच्या छिद्रांशी जुळते का हे विचारावे. बहुतेक बोर्डांवर ४ सें.मी. अंतराच्या चौकोनी किंवा त्याहून दाट छिद्रांची रचना असते, तर बर्टनच्या अनेक बोर्डांवर लांब खाच असते आणि तिला सुसंगत बाइंडिंग किंवा ते बोर्डाला पक्के करणारी योग्य तबकडी लागते. पाय खांद्यांच्या रुंदीहून थोडे अधिक दूर ठेवावेत. पुढचे बाइंडिंग नाकाकडे १५ अंश वळवावे आणि मागचे शून्यावर किंवा शेपटीकडे सुमारे ६ अंश ठेवावे. ही नवशिक्यासाठी निर्धोक मांडणी आहे. बूट बसवून टाच आणि चवडा दोन्हीकडे सारखे बाहेर येतात का हे पाहावे आणि मगच स्क्रू आवळावेत. यासाठी क्रमांक ३ चा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लागतो. तो कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि सोबत नेला तर डोंगरावर अनेकांचे आशीर्वाद मिळतात.

कोणता पाय पुढे ठेवायचा हे घरीच ठरवता येते. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून चार पावले पळावे आणि घसरावे. सहजपणे जो पाय पुढे येतो तोच पुढचा. डावा पुढे असेल तर ‘रेग्युलर’, उजवा पुढे असेल तर ‘गूफी’. हे शब्दही सर्फिंगमधलेच आहेत.

अंगावर काय घालावे

नवशिका स्नोबोर्डर सर्वाधिक वेळा हातांवर पडतो आणि मनगट दुखावणे ही या खेळातली सर्वांत नेहमीची इजा आहे. म्हणून हेल्मेटच्या बरोबरीने मनगटाचे गार्ड घ्यावेत आणि पडताना तळवे पसरण्याऐवजी मुठी मिटून कोपरापुढच्या भागावर भार घेण्याचा सराव घरी गादीवर करावा. हेल्मेटवर ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० हे मानक छापलेले असावे. दुचाकीचे किंवा सायकलचे हेल्मेट या कामाचे नाही. आत फोम असलेली हाफपँट पहिल्या दोन दिवसांत आपली किंमत वसूल करते.

गॉगलच्या काचेवर प्रकाश किती आत येतो यानुसार वर्ग दिलेला असतो. लखलखीत उन्हात तिसऱ्या वर्गाची, म्हणजे ८ ते १८ टक्के प्रकाश येऊ देणारी काच हवी. ढगाळ आणि बर्फ पडत असलेल्या दिवसासाठी पहिल्या वर्गाची. एकच घेणे शक्य असेल तर दुसऱ्या वर्गाची घ्यावी.

कपड्यांबाबत नाशिकच्या ट्रेकरांना फार सांगावे लागू नये: अंगालगत सुती कापड नको, मधे फ्लीस, बाहेर वारा आणि पाणी अडवणारे जॅकेट. पावसाळी ट्रेकचा पोंचो मात्र घरीच ठेवावा. पँटकडे विशेष लक्ष द्यावे, कारण स्नोबोर्डर बाइंडिंग बांधायला दर वेळी बर्फात बसतो; १०,००० मि.मी. जलरोधकता आणि बसण्याच्या जागी दुहेरी कापड असावे.

भाड्याचा बोर्ड घेताना

दुकानदार पुढे करील तो बोर्ड तसाच न उचलता तो उलटा करावा. तळावरून हात फिरवावा. ओरखडे चालतात, पण आतले लाकूड दिसेल इतकी खोल खाच चालत नाही, कारण तिथून पाणी आत शिरते. अंगठ्याचे नख कडेवर आडवे ओढावे: नखाचा बारीक पांढरा कीस निघाला तर कड धारदार आहे, नख नुसते सरकले तर ती बोथट झाली आहे आणि सकाळच्या गोठलेल्या उतारावर ती धरणार नाही. दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबून थर सुटले आहेत का ते पाहावे. बाइंडिंगचे पट्टे आवळून एकदा जोरात ओढावेत आणि दात झिजलेले असतील तर बदलून मागावेत. तबकडीचे चारही स्क्रू जागेवर आहेत ना, हेही पाहावे.

अफरवटकडे जाण्याचा विचार असेल, तर स्वतंत्र तयारी लागते. तो हिमस्खलनाचा प्रदेश आहे. तिथे ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडल्या गेलेल्याचा ठाव लावणारे संदेशयंत्र), फावडे आणि शोधकाठी ही तिन्ही साधने प्रत्येकाजवळ हवीत, ती वापरता यायला हवीत, सोबत जाणकार वाटाड्या हवा आणि त्या दिवसाची स्की पॅट्रोलची सूचना वाचलेली हवी. पहिल्या मोसमात तिकडे जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाशिकला परतल्यावर

पुढे स्वतःचा बोर्ड घेतलात तर त्याची खरी परीक्षा बर्फात नव्हे, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात होते. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत तो ठेवू नये. उष्णतेने थरांमधला गोंद सैल पडतो. आधी कडा कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि गंजाचे ठिपके दिसल्यास गंज काढणाऱ्या रबराने घासून घालवावेत. मग तळाला मेण द्यावे. त्यासाठी वाफेची छिद्रे नसलेली जुनी, सपाट तळाची इस्त्री उत्तम. मेणाचा धूर निघू लागला तर ती फार तापली आहे असे समजावे. लाँड्रीतली कोळशाची इस्त्री चुकूनही वापरू नये, तिचे तापमान आवरता येत नाही आणि तळ जळतो. मेणाचे थेंब तळभर पाडून इस्त्री सतत फिरती ठेवत ते पसरावे, आणि हा थर न खरवडता कडांवरही येईल इतका जाड ठेवावा. दाबून भाजलेल्या भुकटीचा, म्हणजे सिंटर्ड तळ मेण अधिक शोषतो आणि वेगवान असतो. वितळवून काढलेला एक्स्ट्रूडेड तळ कमी शोषतो, पण निगा कमी मागतो, म्हणून नवशिक्याला तोच सोयीचा. बाइंडिंगचे स्क्रू सैल करून बोर्ड घरातल्या आतल्या खोलीत, ओल नसलेल्या भिंतीलगत आडवा ठेवावा. बुटांची अस्तरे बाहेर काढून सावलीत वाळवावीत. डिसेंबरात निघण्याआधी प्लॅस्टिकच्या पट्टीने मेण खरवडून, ब्रश फिरवून आणि स्क्रू पुन्हा आवळून बोर्ड पिशवीत भरावा.